खोली क्रमांक चारचं दार

अणुबॉम्ब ही घाईघाईत करायची वस्तू नाही, हे कुठलाही समंजस माणूस मान्य करेल. त्यामुळे आमचा अण्वस्त्रांचा कारखाना एकोणीस वर्षं बांधला जातोय, याबद्दल कुणी कुरकुर करू नये. आमचं कार्यालय तर मुळीच करत नाही, आणि कुरकुर करण्यासाठीच आम्हाला नेमलंय. (दारावरची पाटी: ‘विलंब व वाढीव खर्च देखरेख कार्यालय’. पाटी रंगवून यायला सव्वादोन वर्षं लागली.)

आमची पद्धत सोपी आहे. कारखान्याची मूळ तारीख चुकली की आम्ही नवीन मूळ तारीख देतो. आजवर सात मूळ तारखा दिल्या. उशीर मोजायचा तो नेहमी शेवटच्या मूळ तारखेपासून, त्यामुळे तो कधी फारसा साठतच नाही. खर्चाचंही तेच. पहिला मूळ अंदाज सहाशे कोटींचा होता, आताचा मूळ अंदाज नऊ हजार कोटींचा आहे, आणि या हिशेबाने आम्ही देशाचे चाळीस कोटी वाचवलेत.

खोली क्रमांक चार ही या कारखान्यातली सगळ्यात नाजूक जागा. बॉम्बचा गाभा इथे ओतायचा. भिंती दीड मीटर जाड. दार पोलादी, खास कुलपाचं. हे दार अजून आलेलं नाही, कारण कुलूप पाहिल्याशिवाय दार बनवता येत नाही आणि दार पाहिल्याशिवाय सुरक्षा समिती कुलूप मंजूर करत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं रास्त आहे. चार वर्षं आम्ही दोघांनाही तसं लेखी कळवतोय.

अडचण एवढीच, की सातव्या मूळ तारखेप्रमाणे महिनाअखेर खोलीच्या चारही भिंती पूर्ण व्हायच्या होत्या. आणि मंजूर दाराशिवाय खोलीला भगदाड ठेवायचं नाही, असा सुरक्षेचा नियम. साइट इंजिनिअर हुशार माणूस. त्याने दोन्ही नियम एका फटक्यात पाळले. दाराच्या जागीही भिंत घातली.

काँक्रीट ओतण्याआधी आत कोणी नाही ना, याची खात्री करावी लागते. ती गेटवरच्या रजिस्टरवरून करतात. आता आमच्याकडे कामगार येण्याची आणि जाण्याची, दोन्ही सह्या सकाळीच करतात. (संध्याकाळी गेटवर गर्दी होते आणि साडेपाचची बस चुकते.) त्यामुळे सकाळी आठला रजिस्टरप्रमाणे कारखाना रिकामा होता. खोलीत लाइट बसवायला गेलेला वायरमन बरोब्बर साडेपाचला घरी गेला होता. तो प्रत्यक्षात खोलीतल्या ओतकामाच्या भट्टीमागे, कानात बोळे घालून वायर ओढत होता, ही गोष्ट वेगळी. (कानात बोळे घालणं हा आमचाच नियम. वर्षभरात तो पाळणारा हा दुसराच.)

बोळे काढले तेव्हा समोर भिंत. तो ओरडला तेव्हा काँक्रीट ओलंच होतं. पण ओल्या काँक्रीटला हात लावायला वेगळी परवानगी लागते. ती आली तोवर ते वाळलं.

हवेसाठी एक पाइप आत जातो, साधारण मुठीएवढा. दुसऱ्या दिवसापासून वायरमनची बायको त्या पाइपाशी डबा घेऊन यायला लागली.

“अहो, ऐकू येतंय का?”

“येतंय. डबा बसत नाही यात. कालही सांगितलं तुला.”

“मग काय, पातळ करून ओतू?”

“ओत. पण आधी हाक मार. काल सगळं डोक्यावर आलं.”

“तोंड वर करून उभं कोणी राहायला सांगितलं होतं?”

(इतर सोयींबद्दल अहवालाला परिशिष्ट जोडलंय. ते जेवणाआधी वाचू नये.)

पाचव्या दिवशी देखरेख समिती पाहणीला आली. अध्यक्षांनी भिंतीवर हात फिरवला. एकोणीस वर्षांत वेळेत झालेलं हे पहिलं काम. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात भिंतीने आतून तीन ठोके दिले.

“आत कोणी आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“कागदावर नाही, साहेब,” इंजिनिअर म्हणाला.

“कागदावर नाही?” वायरमनची बायको पुढे आली. “मग रोज मी भरवते कुणाला? भिंतीला?”

“बाई, शांत व्हा,” अध्यक्ष म्हणाले. “भिंत फोडायला आमची ना नाही. पण फोडली तर ती अपूर्ण होईल.”

“आणि माझा नवरा?”

“त्यांच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. लाइट उत्तम लागलाय, असं ते स्वतःच सांगतात.”

समितीने सगळ्या पर्यायांचा साधकबाधक विचार केला. भिंत फोडणे: चौदा महिने उशीर, दोनशे बारा कोटी जादा खर्च, शिवाय आठवी मूळ तारीख. दार येईपर्यंत थांबणे: अंदाजे चार वर्षं, खर्च रोज एक डबा. (डबा बायको आणते, म्हणजे शून्य.) वायरमनने पाइपातून बाहेर येणे: तपासून पाहिलं, खांदे अडतात.

शिवाय एक अनपेक्षित लाभ पुढे आला. भट्टीचा काटा आत आहे. तो रोज वाचायला माणूस लागतो आणि या जागेवर गेली सहा वर्षं कोणी टिकलं नव्हतं. आता आतला मासिक अहवाल वेळेवर मिळण्याची खात्री झाली. समितीने वायरमनचं अभिनंदन केलं. पाइपातून. (पगाराचं मात्र जमलं नाही, कारण रजिस्टरप्रमाणे तो घरी आहे.)

अकराव्या दिवशी त्याचा आवाज बसला. खोकला लागला. काँक्रीटची धूळ.

“छोटीला काय सांगितलंस?”

“बदली झाली म्हणून सांगितलं. म्हणते, बाबांना फोन करायला सांग.”

“इथे फोन चालत नाही म्हणावं. गुप्त जागा आहे.”

मग ती बराच वेळ पाइपाला कान लावून बसली. आमच्या माणसाने तिला वेळेची आठवण करून दिली.

तरीही आम्ही दगडाच्या काळजाचे नाही. दोनशे बारा कोटी जनतेचे, तेव्हा जनतेलाच विचारायचं ठरलं. रीतसर जाहीर सूचना दिली. पेपरात, पान नऊ, स्थळांच्या आणि टायरच्या जाहिरातींच्या मध्ये: ‘खोली क्रमांक चारची भिंत आतील व्यक्तीसह आहे तशी ठेवण्यास कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. न कळवल्यास संमती समजण्यात येईल.’

तीस दिवसांत एक पत्र आलं. वायरमनच्या बायकोचं. (हितसंबंध असल्याने फेटाळलं.) एक फोनही आला, पण त्या गृहस्थांना टायरचा भाव हवा होता.

निकाल कळवला तेव्हा ती टेबलासमोर उभीच राहिली.

“म्हणजे सगळ्यांना चालतंय?”

“सगळ्यांना, बाई.”

“मला नावं द्या त्यांची.”

माहिती मागणं हा तिचा हक्क आहे आणि आमचं कार्यालय पारदर्शक आहे. संमती देणाऱ्यांची यादी आणि मतदारयादी एकच निघाली. तिचे सगळे भाग आम्ही तिला पत्त्यांसह दिले, छपाईचा खर्चही घेतला नाही.

आता ती सकाळी पाइपाशी जाते. आतून हल्ली उत्तर यायला वेळ लागतो. ते आलं की यादीचा एक भाग काखेत मारून ती निघते. एक एक घर घेते. भांडत नाही, रडत नाही. तुम्हाला खरंच चालतंय का, एवढंच विचारते आणि उत्तर समोर उभं राहून ऐकते.

काल तिने तुमच्या गल्लीचं पान उघडलं. आज-उद्या बेल वाजेल. उघडायचं की आत गप्प बसून राहायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या घराला दार आहे.