मेंडोलिनची शंभरी

वस्तूचं वय ओळखावं तर ते मीच! लोणी भापकरात कुणालाही विचारा. पितळी घंगाळ दाखवा, दाराची कडी दाखवा, नुसतं बोटानं वाजवून मी साल सांगतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही, कारण तपासायला जातंय कोण?

तर इंदापूरच्या बाजारात भंगारवाल्याच्या ढिगात मला एक मेंडोलिन दिसलं. भडक हिरवा रंग, पाठीवर काळसर भेग, दोन तारा गायब. मी उचललं, नाकाला लावलं आणि माझी छातीच फुगली. लाकडाला गोडसर वास! मोबाईलवर बघितलं, तर हे वाद्य मूळचं इटलीचं. झालं! हा वास म्हणजे इटलीचं जुनं रोगण, आणि रोगण इतकं मुरायला शंभर वर्षं तरी लागणारच. मी तिथंच निकाल लावून टाकला.

घरी आणलं. आमच्या मंडळींचा, म्हणजे अनिताचा, चेहरा एकदम उजळला.

"अगंबाई! माहेरी आबांचं असंच हुतं की! त्याच्यावरच शिकले मी. बेंजोपार्टीवाल्यांनी मागून नेलं ते परत दिलंच न्हाय. हे तर वळखीचं वाटतंय!"

"इटलीची वस्तू तुझ्या वळखीची? तू नरसिंहपूरची!"

"बरं, ऱ्हायलं. दोन तारा बसवून द्या, मी वाजवते. किती वर्सं झाली हात लावून!"

"वाजवते? अगं, शंभर वर्षांची वस्तू ती! हात लावायचा न्हाय!"

मी शोकेसमधल्या कपबश्या बाहेर काढल्या, मेंडोलिन आत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. अनितानं कपबश्या गोळा केल्या आणि आत गेली. फक्त त्या दिवसापासून माझ्या चहातली साखर गेली.

आमचा दोस्त सोपान मात्र खूश झाला. गावात कुठलाही कार्यक्रम असो, माईक त्याच्याच हातात असतो.

"मोहनराव, शंभरी भरली म्हणताय, मग वाढदिवस नको व्हय करायला?"

आता आमच्याकडं बैलाचा वाढदिवस होतो, ट्रॅक्टरचा होतो. मेंडोलिननं काय घोडं मारलंय? चौकात फ्लेक्स लागला. मधोमध गॉगल घातलेला मी, शेजारी कानाला मोबाईल लावलेला सोपान, खाली शुभेच्छुकांची रांग. मेंडोलिन कोपऱ्यात, सुपारीएवढं! वर ठळक अक्षरांत 'शंभराव्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!' सकाळपासून लोक माझ्याच पाया पडायला लागले. एकानं तर माझे दात निरखून बघितले. म्हणाला, "शंभरीच्या मानानं लईच भारी टिकवल्यात!"

प्रमुख पाहुणा म्हणून एक पुढारी येणार होता. पण त्याला त्याच वेळी कुठल्यातरी सलूनच्या उद्घाटनाला जायचं निघालं. मग जेवायला आलेले माझे सासरे, आबासाहेब, यांनाच फेटा बांधून खुर्चीवर बसवलं. मी मेंडोलिन ओल्या फडक्यानं चकचकीत पुसलं, त्याला शाल पांघरली आणि सत्कारासाठी आबांच्या मांडीवर ठेवलं. ऊन मी म्हणत होतं. मी भाषण ठोकत होतो.

"मंडळी, हे रोगण बघा! असलं रोगण आपल्या मुलखात सापडायचं न्हाय! हा सुगंध..."

"आरं आरं आरं! मेलो!"

आबा खुर्चीतून ताडकन उठले. शाल एकीकडं, नारळ दुसरीकडं! मेंडोलिन त्यांनी कसंबसं टेबलावर पालथं टाकलं आणि धोतर झटकत नाचायला लागले. पाठीवरच्या भेगेतून लाल मुंग्यांची रांगच्या रांग निघाली होती. सोपाननं माईकवर जाहीर केलं, "घाबरू नका! मुंग्या इटलीच्या हायत!"

आबांनी भेगेत बोट घातलं आणि चाटलं.

"इटली कसली, बोडक्याची! गूळ हाय ह्यो! गूळ आन् चुना! मोटारसायकलीवरनं पडून पाठ तडकली, तवा मीच भरलाय! आन् वास यील न्हाय तर काय? माझ्या गुऱ्हाळात खुंटीला असायचं की! हिरवा रंग बेंजोवाल्यांनी फासलाय. माझंच हाय ह्ये!"

मी हळूच टेबलामागं सरकलो. सोपाननं तरी माझी बाजू सोडली नाही. "पर आबा, शंभर वर्सं..."

"कुठली शंभर? आमची अनिता जन्मली त्याच आठवड्यात मिरजंला जाऊन आणलं मी. ह्ये आन् अनिता, दोघं एका वयाची!"

पुढं बसलेल्या बानूबाईंनी फ्लेक्सकडं बघितलं, मग अनिताकडं बघितलं.

"आगं बया! म्हंजी अनिता शंभरची?"

मंडप हसून हसून आडवा झाला. अनिता उठली, तरातरा स्टेजवर आली. आता हे लाकूड माझ्या टाळक्यात बसणार! मी डोळे मिटले. पण तिनं पदरानं मुंग्या झटकल्या आणि पिशवीतून तारा काढल्या. कधीच आणून डाळीच्या डब्यात लपवल्या होत्या म्हणे. तारा बसवल्या, पिळल्या आणि वाजवायला लागली. काय वाजवलं म्हणता! आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही भरून आलं, आणि करगोट्याची किल्ली उगीच टोचायला लागली.

वाजवून झालं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात सोपान्या माईक घेऊन माझ्यापुढं!

"मंडळी, आता वयाचे जाणकार मोहनराव मेंडोलिनचं खरं वय जाहीर करतील!"

अनितानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

जन्मात पहिल्यांदा मला एखाद्या वस्तूचं वय बिनचूक माहीत होतं! साल, महिना, आठवडासुद्धा! मी माईक तोंडाजवळ घेतला, घसा खाकरला.

"मंडळी, खरं सांगू? मला वयातलं काय बी कळत न्हाय!"

संध्याकाळच्या चहाला साखर होती.