आंबा रंगाची साडी आणि रेसची बोट

"पुलावरथीन जाय ना, बेटा," तापीबाईंनी पुन्हा एकदा सांगितलं. "मोटरसायकल शे, पूल शे. वहूले आनाले बोट कसाले लागस?"

"तुले नही समजनार, माय," हेमकांत म्हणाला आणि डिझेलच्या वासाच्या हातांनी केस बसवू लागला.

तापीबाईंना सगळं समजत होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेली, लिंबाचे झोके उतरले, माहेरी गेलेल्या गावातल्या सुना एकेक करून परत आल्या. हेमकांतची बायको दिपाली तेवढी आली नव्हती. तिचं माहेर समोरच, तापी नदीच्या पलीकडे. मागच्या वर्षी तिला आणायला हेमकांतने ड्रायव्हरसह गाडी पाठवली होती, कारण त्या दिवशी तो विहिरीवरची मोटर खोलून बसला होता. यंदा जाताना दिपालीने बजावलं होतं, "गाडी धाडी तं गाडीच ठेवी लिसूत. माले न्यायनं व्हई तं सोता या."

तेव्हापासून हेमकांत रोज सांजेला ओट्यावरचा बल्ब लावून पलीकडे बघत बसायचा. घरातला बल्ब विसरून राहिला तर आईवर ओरडणारा माणूस हा. पण हा बल्ब तो सकाळपर्यंत जळू द्यायचा. असल्या माणसाने सरळ पूल ओलांडावा की नाही? पण गेल्या वर्षी न जाण्याची भरपाई नुसत्या जाण्याने होत नाही, असा त्याचा हिशेब होता. जायचं तर सगळं माहेर काठावर येऊन बघेल असं.

म्हणून सुरतेकडच्या कुणा हौशी माणसाची रेसची जुनी बोट नवापूरमार्गे केळीच्या ट्रकवर बसून गावात आली. बोट देणाऱ्या मेकॅनिकने एकच गोष्ट समजावली होती. हे इंजिन खालच्या भोकांतून नदीचं पाणी ओढतं, अंगभर फिरवतं आणि मागून बारीक धारेने बाहेर फेकतं. धार चालू तोवर इंजिन गार. धार तुटली की तापलं.

हेमकांतने ती भोकं बघितली. उघडी भोकं! तापीत पाइप सोडायचा आणि तोंडाला जाळी किंवा कापड बांधायचं नाही, असा शेतकरी या काठावर जन्मलेला नाही. शेवाळ आत गेलं म्हणजे पंप मेला.

"गोनपाट बांधी देऊ," त्याचा दोस्त छगन म्हणाला.

"त्याना दोरा आत जातीन. मऊ पाह्यजे." हेमकांत घरात गेला आणि आंबा रंगाच्या साडीचा लांब पट्टा फाडून घेऊन आला.

"वहिनीनी शे ना?"

"जुनी शे." ती कुठे ठेवलेली होती, ते मात्र त्याने सांगितलं नाही. छगनने बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. ती बैलालासुद्धा सोडवत नाही.

सुरुवात झकास झाली. धार उडत होती, छगन खुशीत ओरडत होता. हेमकांतने वेगाचा खटका पुढे रेटला, बोटीने नाक वर केलं आणि पलीकडच्या काठावर खरोखरच माणसं जमू लागली. इंजिनाला आता घोट नाही, घडे हवे होते. कापड शेवाळाने भरलं आणि भोकांना गच्च चिकटलं. धार बारीक झाली, ठिबकू लागली, थांबली. तापमानाचा काटा लाल रेघेपाशी गेला आणि भोंगा असा बोंबलला की पलीकडची कुत्रीसुद्धा काठावर आली.

नदीच्या मधोमध इंजिन बंद पडलं.

छगनने घाईघाईने ओलं उपरणं इंजिनाच्या डोक्यावर टाकलं. "ताप उतरी जाई," तो म्हणाला. उपरण्यातून वाफ निघाली, ताप काही उतरला नाही.

हेमकांतने मेकॅनिकला फोन लावला.

"नीचे कुछ बांधा है क्या?"

"हां, कपडा. एकदम मजबूत," हेमकांत अभिमानाने म्हणाला.

पलीकडून आवाज आला, "भाई, वो खेत का पंप नहीं है. खोलो."

इंजिन वर उचललं, पण भिजून फुगलेली गाठ सुटेना. छगनने दातही लावून पाहिले. बोट हळूहळू पुलाच्या दिशेने वाहू लागली. तापीबाई म्हणाल्या होत्या, तिकडेच.

तेवढ्यात दोधू कोळ्याची होडी आली. होडीत विळा घेऊन दिपाली उभी होती; गाठीशी चाललेली झटापट तिने काठावरून बघितली होती.

"सरका," ती म्हणाली. वाकून तिने गाठ कापली आणि हातातल्या चिंधीकडे बघत राहिली. "ही साडी कोनती शे, माहीत शे का?"

"पिवळी," हेमकांत म्हणाला.

"तुम्ही माले देखाले ऊनथात, तवय नेसेल व्हती."

हेमकांत आठवू लागला.

"नका आठवू. त्या दिन तुम्ही मन्हा बापना पंप देखा." विळा अजून तिच्या हातातच होता. "कपाटात येवढ्या साड्या शेतीस. हाईच काब्र फाडी?"

"कपाट उघाडंच नही मी."

"मंग कोठे भेटनी?"

हेमकांतने छगनकडे बघितलं, दोधूकडे बघितलं. दोघेही मुद्दाम पाण्याकडे बघत होते.

"उशाखाले व्हती," तो पुटपुटला.

दिपालीने विळा होडीत ठेवला. "दोधूभाऊ, दोर बांधा. यास्ले घरी लई चाला."

इंजिन निवायला हवं होतं, म्हणून जावईबापूंना मुक्काम पडला. सांजेला तापीबाईंचा फोन आला. "आनी का रे वहूले?"

"नही, माय. तिनीच माले आनं."

फोन ठेवून तो दिपालीशेजारी तिच्या माहेरच्या ओट्यावर टेकला. पलीकडे तापीबाईंनी घरच्या ओट्यावरचा बल्ब लावला. या काठावरून तो एवढासा दिसतो, हे हेमकांतला आजच कळलं.

"मंगळवारले बल्ब काब्र नही लाया व्हता?" दिपालीने विचारलं.

"लाईट गयी व्हती."

"मालेबी तेच वाटनं," चिंधीची घडी घालत ती म्हणाली. "तरी मी आठे ओटावर बठेलच व्हती."