सावलीसाठी झाडं

"पुढच्या बागेतली झाडं या वेळी मी आणतो," असं मी जेवताना म्हणालो आणि बायकोच्या हातातला चमचा कुसकुसच्या ताटात तसाच उभा राहिला.

"तू?" नझीहा म्हणाली.

"मीच. त्यात काय एवढं?"

आमचं घर ट्युनिसजवळ राद्सला. दाराचं तोंड उत्तरेला, त्यात समोर चार मजली इमारत उभी राहिलेली. त्यामुळे बागेत ऊन नावालाही नाही. दर वर्षी नझीहा गुलाब लावी आणि दर वर्षी ते आमच्याकडे दुःखाने बघत मरत. यंदा मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. आमची मुलगी सोंदोस हिने अनीस नावाचा एक चांगला मुलगा पसंत केला होता, आणि रविवारी त्याची आई लल्ला रफिआ (लल्ला म्हणजे आमच्याकडे 'बाई') घर बघायला येणार होती. बाईंची हम्मामेतमधली बाग बघायला म्हणे लोक गाड्या करून जातात. अशी बाई आमच्या मेलेल्या गुलाबांमधून चालत आली, तर मुलीचं लग्न दारातच मोडायचं.

नेमकी नझीहाला बहिणीच्या बाळंतपणासाठी बिझर्तला जावं लागलं. जाताना तिने एकच सांगितलं, "आणशील ते सावलीतलं आण."

(मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आहे. सांगितलेलं मी बरोब्बर करतो. माझे वरिष्ठ सांगतात की त्रास तिथूनच सुरू होतो.)

मोर्नागच्या रस्त्यावर एक मोठी नर्सरी आहे. मालक मिशाळ आणि उत्साही.

"सावलीसाठी झाडं हवीत," मी म्हणालो.

"वा! सावली कशी? विरळ की दाट?"

"गडद! दुपारी बारा वाजतासुद्धा उन्हाचा कवडसा नाही."

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. "लोक येतात आणि थोडी सावली, थोडं ऊन असं रडत बसतात. गिऱ्हाईक असावं तर असं. जागा केवढी?"

"दारापासून फाटकापर्यंत."

"म्हणजे सगळी सावलीच?"

"सगळी."

त्याने माझं नाव-पत्ता लिहून घेतला. "बिनधास्त घरी जा, सी मोंजी. झाडं मी पोचवतो."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. त्यातून वडाच्या जातीतले तीन फिकस उतरले, प्रत्येक आमच्या गच्चीएवढा उंच आणि बैलासारखा रुंद. माणसांनी ते खड्ड्यात उभे केले आणि संध्याकाळ झाली. म्हणजे मला तसं वाटलं. घड्याळात अकरा वाजले होते, सकाळचे.

मला तर ती झाडं फार आवडली. सावलीत वाढणाऱ्या झाडांनी इतकं बाळसं धरावं, याचं मला कौतुक वाटत होतं. सोंदोस दारात येऊन चाचपडत म्हणाली, "बाबा, वीज गेली का?"

शनिवारी दुपारी फोन वाजला.

"मोंजी," नझीहाचा आवाज फार शांत होता, "मी गल्लीत उभी आहे. आपलं घर कुठे गेलं?"

मी पानांतून हात बाहेर काढून हलवला. ती आत आली, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नर्सरीतलं सगळं संभाषण तिला अभिमानाने शब्दशः ऐकवलं. 'सगळी सावलीच' इथवर आलो आणि माझं मलाच उमगलं. मी सावलीत जगणारी झाडं मागितली होती आणि त्याने सावली देणारी दिली होती.

सोंदोस रडायला लागली. मीही लागणार होतो, पण नझीहाने मला करवत दिली.

त्या बाईचं डोकं कसं चालतं, हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. तिने मला शिडीवर चढवून खालच्या फांद्या कापायला लावल्या आणि स्वतः बाह्या सरसावून गल्लीत निघाली.

"अंधारात जगलेली झाडं दुकानात कशाला शोधायची?" ती म्हणाली. "ती लोकांच्या जिन्याखाली असतात."

तासाभरात गल्लीतल्या बायका कुंड्या घेऊन येऊ लागल्या. कोणाचे नेचे, कोणाचं रुंद काळ्याहिरव्या पानांचं झाड, कोणाच्या न्हाणीघराच्या खिडकीतला बिगोनिया. शेजारच्या लल्ला शेल्बियाने तर सासूच्या काळापासूनचा नेचा आणला. तो द्यायच्या आधी तिने त्याचा मुका घेतला.

रविवारी वाळवंटाकडून गरम वारा सुटला. लल्ला रफिआ घामाघूम होऊन, रुमालाने वारा घेत अनीसबरोबर गाडीतून उतरल्या आणि फाटकाच्या आत पाऊल टाकताच थबकल्या. वर फिकसचं हिरवं छत, खाली ओल्या मातीचा वास, चहूकडे नेचे, मधे टेबलावर पुदिन्याचा चहा.

"अल्ला!" त्या खुर्चीत टेकल्या. "उन्हाळ्यात असं घर! माझ्या हम्मामेतच्या बागेत नुसतं ऊन जळतं हो. ही झाडं किती वर्षांची?"

मी तोंड उघडलं. नझीहाने माझ्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि लल्ला शेल्बिया पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. कोणाकडे न बघता ती थेट नेच्याकडे गेली. "रात्री झोप लागली का रे? यांनी पाणी घातलं का तुला?" मागोमाग दुसरी आली, "माझ्याला कोपऱ्यात का ठेवलंय?" म्हणत. सोंदोसचा चेहरा पांढरा पडला. अनीस चहाच्या पेल्यात बघत राहिला.

मी खोटं काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. नझीहा सरळ म्हणाली, "लल्ला, कुंड्या गल्लीच्या आहेत. झाडं यांनी चुकून आणली. गेल्या आठवड्यात इथे काहीच नव्हतं. तुम्ही येणार म्हणून सगळ्यांनी दिल्या."

लल्ला रफिआ उठल्या, लल्ला शेल्बियाच्या हातून तांब्या घेतला आणि शेजारच्या कुंडीला स्वतः पाणी घातलं.

"माझी बाग बघायला लोक येतात," त्या म्हणाल्या, "पण मला आजवर कोणी साधा पुदिनासुद्धा उसना दिलेला नाही. मुलगी ह्याच घरातली पाहिजे."

गल्लीतल्या बायकांनी तिथेच असा आनंदाचा चित्कार केला की समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. मी नझीहाकडे पाहत राहिलो. कपाळाला माती लागलेली ती बाई मला त्या वेळी सगळ्या हम्मामेतहून सुंदर दिसली.

पुढच्या महिन्यात लल्ला रफिआंचा फोन आला. त्यांना घरापुढे सावली करायची होती. फोन मीच उचलला आणि फिकस, खड्डे, खत, छाटणी यांवर त्यांना मोकळ्या मनाने सल्ला दिला. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. माझा ऊर भरून आला.

"फार उपकार झाले, सी मोंजी," शेवटी त्या म्हणाल्या. "फोन मोठ्या आवाजावर ठेवून माळ्यालाही ऐकवलं. काय करायचं नाही, ते त्याने नीट समजून घेतलंय. आता जरा नझीहाला द्या."