हौद्यातली दुसरी

कोल्हापुरात गूळ भरायचा, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात टाकायचा, तिकडून नारळ भरून परत यायचं, आणि या सगळ्या खेपेत एकाही पंपावर थांबायचं नाही! लोकांची मोठमोठी ध्येयं असतात. माझं एवढंच होतं.

गेल्या सालची, एकोणऐंशीची गोष्ट. तेव्हा डिझेलची अशी टंचाई होती की पंपापुढची रांग बघून परगावचा माणूस विचारायचा, इथं देऊळ कुठलं? माझ्या पिकअपची टाकी लहान. अर्धा दिवस रांगेत जायचा आणि नंबर आला की पंपवाला "संपलं" म्हणून पाटी लावायचा. म्हणून मी ठरवलं, मागच्या हौद्यात दुसरी टाकी बसवायची. दोन्ही भरल्या की हा महालिंगअण्णा राजा. निघाला की निघाला, अडवणार कोण?

असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की माझी बायको शांतव्वा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मला घरी जायचा कंटाळा यायचा. कंटाळा कसला, धास्तीच. पूर्वी मी दारात चपला काढल्या की आतून आवाज यायचा, "आलासा व्हय?" आता कुलूप काढायचं, आणि आपणच "आलो" म्हणून आत शिरायचं. कोणाला सांगतोय, ते माझं मलाच कळायचं नाही. त्यापेक्षा रस्ता बरा. गाडीशी बोलता येतं. ती घाटात थोडी कुरकुरते, पण ऐकून घेते.

मुलगी एकच, शिवगंगा, आमची गंगू. मुरगूडला दिली आहे. जावई शिवलिंग बी-बियाणांचं दुकान चालवतात, माणूस सज्जन. पण आई गेल्यापासून गंगू कोल्हापूरला राहायला आलीच नव्हती. बोलावलं की कारण तयार. कधी सासूचे गुडघे, कधी म्हैस गाभण. मग मीच जायचो, त्यांच्या पुढच्या सोप्यात चहा प्यायचो आणि निघताना म्हणायचो, एकदा ये की गं. ती म्हणायची, "येते की." त्या "येते की"वर मी पुढची दिवाळी काढायचो.

तर टाकी. उद्यमनगरातल्या गुंडू मिस्त्रीनं ती एका मोडीत निघालेल्या ट्रकची काढून आणली. धुतली, भोकं होती तिथं डाग दिले, हौद्यात पुढच्या अंगाला ठेवून लोखंडी पट्ट्यांनी आवळली, जुन्या टाकीला पाइप जोडला आणि मध्ये डिझेल सोडायचा एक कॉक बसवला. त्याच्याकडं कुणाच्या तरी खिडक्या रंगवून उरलेला हिरवा रंग होता, तोही फासला. लग्नातल्या शालूसारखी हिरवीगार दिसायला लागली. मी खूश झालो, गाडी घरी आणली, आणि अंगणात उभा राहून लक्षात आलं की ही दाखवायची कुणाला?

नवी वस्तू आणली की घरात कुणीतरी "कशाला आणलंत हे धूड?" असं म्हणणारं माणूस लागतं. त्याशिवाय वस्तू आणल्यासारखीच वाटत नाही. शांतव्वानं माझ्या प्रत्येक खरेदीला नावं ठेवली होती, आणि त्यामुळं संसार भरलेला वाटायचा. म्हटलं, आता गंगूकडूनच बोलणी खाऊन यावीत.

मुरगूडच्या एसटीवर तात्या म्हणून कंडक्टर होते. निरोप पोहोचवण्यात पोस्टापेक्षा पुढं. मी स्टँडवर गेलो तेव्हा बस सुटायच्या बेतात होती. गंगूला दुसऱ्या टाकीचं मी मागच्याच खेपेला सांगितलं होतं, त्यामुळं फोड करायची मला गरज वाटली नाही. मी सांगत होतो तेव्हा ती पलीकडं गोठ्यात म्हशीची धार काढत होती, एवढी बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती.

"तात्या, आमच्या गंगूला सांगा. म्हणावं, अप्पानं दुसरी आणली. ऐतवारी दाखवायला घेऊन येतोय."

तात्यांच्या हातातलं तिकीट हातातच राहिलं. "आणली बी?"

"आणली की. किती दिवस असं रखडत काढायचं?"

"न्हाय, चांगलं झालं. नवीच का?"

"नवी कुठली मिळतीया आता? वापरलेलीच हाय. आदी एका ट्रकवाल्याकडं हुती. पण दणकट. माझ्या हयातीत बघाय नगो."

"मग सध्या घरात…"

"घरात कशाला? हौद्यात बसवलीया. पट्ट्यांनी आवळून टाकलीया, हलायचं नाव न्हाय."

तात्या हळूच म्हणाले, "अण्णा, पुढं तुमच्या शेजारी जागा हाय की रिकामी."

"ती जागा शांतव्वाची," मी म्हटलं. "तिथं मी कुणाला बसवत न्हाय."

हे मात्र मी खरंच मनापासून बोललो. त्या सीटवर मी डबा ठेवत नाही, टॉवेल ठेवत नाही. तात्यांनी घंटीची दोरी ओढली आणि बस निघाली. खिडक्यांमधून सगळी माणसं माझ्याकडं टकामका बघत होती. मला वाटलं, टाकीचा हेवा वाटला असेल.

मुरगूडात काय झालं ते मला मागाहून कळलं. गंगू आधी खूप रडली. अव्वाची, आईची, माती वाळली नाही तोवर अप्पांनी दुसरी केली, म्हणून जेवायची बंद झाली. शिवलिंग समजूत घालायला गेले, की अप्पांचं बी वय झालंय, कुणीतरी लागतंयच. त्यावर त्यांनाही जेवण मिळालं नाही. शेवटी तिची सासू बाळाबाई मध्ये पडली. ती म्हणाली, एकट्या माणसाच्या घशाखाली घास उतरत न्हाय, तू कधी बघायला गेलीयास का त्यो काय खातोय त्ये? गंगूनं डोळे पुसले. आणि मग तिला ते पट्ट्यांचं आठवलं. झालं! सगळा राग माझ्यावर फिरला. कुणाची कोण बाई, आधीच एक नवरा गेलेला, तिला गुळाच्या ढेपेवाणी बांधून हौद्यातनं आणायची? शनिवारी तिनं बाजारातून हिरव्या बांगड्या आणि एक साधंसं लुगडं आणलं. माझ्यासाठी नव्हे, त्या बाईसाठी.

इकडं रविवारी मी थाटात निघालो. टाकीवर ताडपत्री पांघरली होती, कारण त्या दिवसांत भरलेली टाकी उघडी नेणं म्हणजे चोरांना आवतण. कागल मागं पडलं, जुन्या टाकीतलं डिझेल संपत आलं, मी ऐटीत खाली उतरून नव्या टाकीचा कॉक उघडला आणि पुन्हा बसलो. गाडी थोडी पुढं गेली, खोकली आणि गप्प झाली.

डिझेलनं भरलेली टाकी पाठीशी, आणि गाडी उपाशी! मी हौद्यात चढलो, ताडपत्रीखाली शिरलो आणि पाइप चाचपायला लागलो. एकटा राहून मला बोलत बोलत काम करायची सवय लागली होती, ती काही ताडपत्रीखाली सुटली नाही.

"सोड की गं बाई आता. किती आवळून धरशील? तिकडं माणसं वाट बघायलीत. पोरीसमोर अब्रू घालवू नगंस, तुझ्या पाया पडतो."

बाहेर ब्रेक लागल्याचा आवाज आला. मी ताडपत्रीतून डोकं काढलं. मुरगूडची एसटी शेजारी उभी होती, आणि आतली सगळी माणसं एका अंगाला आल्यामुळं ती माझ्याकडं कलली होती.

तात्यांनी दारातून विचारलं, "काय झालं अण्णा?"

"काय न्हाय, जरा आडून बसलीया. तुम्ही व्हा म्होरं. चुचकारली की सुटंल."

बस पुढं गेली. मग कळलं की गुंडूनं कॉकची दांडी ढिली बसवली होती. दांडी फिरायची, आतला कॉक जागचा हलायचा नाही. मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत दांडी आवळून फिरवली आणि गाडी हसत हसत सुरू झाली.

मी मुरगूडला पोहोचेपर्यंत तात्यांनी आपलं काम चोख केलं होतं. नवी नवरी यायला तयार नाही, अण्णा हौद्यात बसून तिच्या पाया पडतोय, अशी बातमी वेशीपासून गंगूच्या दारापर्यंत पसरली होती. गल्लीत ही गर्दी! बायका ठेवणीतली लुगडी नेसलेल्या. बाळाबाई दारात तबक घेऊन उभी, तबकात निरांजन, नारळ, खण. मला भरून आलं. म्हटलं, कोल्हापुरात मला कुणी विचारत नाही, आणि इथं माझ्या टाकीचं केवढं हे कौतुक. मुरगूडकर खरे कदर करणारे.

गंगू आली. डोळे सुजलेले. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ मागं गेली, हौद्याला हात लावून उभी राहिली आणि ताडपत्रीला म्हणाली,

"मावशी, उतरा खाली. मी गंगू. अप्पांचं मनावर घेऊ नगा. ते वाईट न्हाईत. एकटं ऱ्हाऊन ऱ्हाऊन त्यास्नी माणसाशी कसं वागायचं त्येच कळंना झालंय."

मी तिथंच थांबलो. ती कुणाशी बोलते आहे हे मला कळलं नव्हतं, पण जे बोलली ते कळलं.

तेवढ्यात तिनं ताडपत्रीची दोरी सोडली आणि बाळाबाई पेटतं निरांजन घेऊन टाकीवर वाकली. मी ओरडलो, "दिवा लांब! पेटंल ती!" आणि मध्ये उडी घेतली. तबक उडालं, नारळ गटारात गेला, कुंकू माझ्या टोपीवर सांडलं. बायकांमध्ये कुजबुज झाली, की काय पण जीव हाय म्हाताऱ्याचा तिच्यावर. मग वाऱ्यानं ताडपत्री सरकली.

हिरवीगार, पोट सुटलेली, पट्ट्यांनी आवळलेली टाकी उन्हात चमकत होती.

बाळाबाईनं हौद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात बघून घेतलं आणि विचारलं, "पावणं, बाई कुठाय?"

"कुठली बाई?" मी म्हटलं.

पुढचं सांगत बसत नाही. गल्ली इतकी हसली की देवळातला गुरव घंटा टाकून बाहेर आला. जावईसुद्धा तोंड फिरवून हसले. तात्या मात्र गर्दीतून केव्हा पसार झाले ते कुणालाच दिसलं नाही.

गंगू तेवढी हसली नाही. हातातल्या बांगड्या घेऊन ती पायरीवर बसली. मला वाटलं, सुटली बिचारी, आनंद झाला असेल. मी शेजारी जाऊन बसलो.

"म्हंजे घरात कुणीच न्हाय?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"अजून एकटंच?"

"टाकी हाय की," मी म्हटलं.

तिनं टाकीकडं बघितलं. "एवढं धूड कशाला आणलंसा अप्पा?"

हेच ऐकायला मी आलो होतो! पण ऐकून हसू येईना. मी म्हटलं, वाटंत कुठं थांबायला लागू नये म्हणून.

"घरी जायाला लागू नये म्हणून," ती म्हणाली. मी टोपीवरचं कुंकू झटकत बसलो. मग तीच खालच्या आवाजात म्हणाली, "माझं बी तसंच हाय. अव्वा न्हाय त्या घरात यायला पाय उचलत न्हाय. म्हशी काय, वरसभर गाभण असत्यात व्हय?"

ती उठून आत गेली आणि कपड्यांचं बोचकं घेऊन बाहेर आली. सासूच्या पाया पडली, पिकअपचं पुढचं दार उघडलं आणि शांतव्वाच्या जागेवर जाऊन बसली. सीटवरची धूळ तेवढी पुसायची राहिली होती, याचं वाईट वाटलं.

न थांबणारी गाडी म्हणून मिरवत होतो, त्या गाडीला मुरगूड ते कोल्हापूर एवढाही दम निघाला नाही. गंगूला रस प्यायचा होता, थांबलो. पेरू घ्यायचे होते, थांबलो. एका ठिकाणी कशाला थांबलो ते दोघांनाही आठवेना, तरी थांबलो. घरी आल्यावर मी कुलूप काढलं, ती पुढं होऊन आत गेली. मी चपला काढत सवयीनं म्हटलं, "आलो."

आतून आवाज आला, "आलासा व्हय?"

मी चपला पुन्हा घातल्या आणि पुन्हा काढल्या. तेवढाच वेळ तो आवाज कानात राहील म्हणून.

चार दिवस राहून गंगू गेली. जाताना म्हणाली, "परत येते की." त्यालाही आता बरेच दिवस झाले. दोन्ही टाक्या भरून मी कोकणात जातो, नारळ आणतो, गाडीशी बोलतो. बांगड्या आणि लुगडं तिनं इथंच फळीवर ठेवलं आहे. असू द्या म्हणाली, लागलं तर.

परवा स्टँडवर तात्या भेटले. मला बघून हात जोडले आणि म्हणाले, अण्णा, इथून पुढं निरोप द्यायचा तर वस्तूचं नाव घेऊन द्या. मी म्हटलं, तुमचं बरोबर हाय. बसची घंटी होईपर्यंत मी हवापाण्याचं बोलत राहिलो, आणि चाकं हलली तसा खिडकीशी जाऊन म्हटलं,

"गंगूला सांगा, अप्पा तिसरी बघायलाय!"

"तिसरी काय?" तात्या दारातून ओरडले. बस लांब गेली होती, मला काही ऐकू आलं नाही.

आज शनिवार. निरोप एव्हाना पोहोचला असेल, म्हणून घर झाडून ठेवलं आहे.