तोफूच्या दुकानातली नदी

नगरपालिकेच्या फलकावर नवा नकाशा लागला आणि दुपारपर्यंत गावभर झालं, की नदी कुझेकाकांच्या तोफूच्या दुकानातून वाहते.

नकाशा केला होता नगरपालिकेतल्या हिसाशीने. उपग्रहाने मोजलेली जमिनीची उंची त्याने संगणकाला दिली आणि पाणी कुठून कुठे जाईल त्याच्या निळ्या रेघा संगणकाने ओढून दिल्या. डोंगरातले ओढे झकास उतरले. पण या गावची नदी वाहते घरांच्या डोक्यावरून. तळाशी गाळ साचायचा, लोक बांध उंच करायचे, पुन्हा गाळ, पुन्हा बांध. असं करता करता ती छपरांच्या वर जाऊन बसली. रस्तासुद्धा तिच्या खालून बोगद्याने जातो. संगणकाला हे कोण सांगणार? त्याने सरळ उतार धरला आणि रेघ नेऊन घातली कुझेकाकांच्या दुकानात नि मागच्या घरात. हिसाशीने डोंगर तेवढे तपासले. गाव काय, पायाखालचंच, म्हणून सोडून दिलं.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यातल्या रविवारी तो कुझेकाकांच्या शिहोला मागणी घालायला जाणार होता.

"येऊ नकोस," शिहो फोनवर म्हणाली. "बाबा तापलेत. जो तो विचारतोय, काका, आज तोफू पोहत येणार का?"

हिसाशीने साहेबांना गाठलं.

"माफी मागायची तर मिठाईचा पुडा न्यायचा," साहेब म्हणाले.

"आणि मागणी घालायला?"

"पुडाच."

एका पुड्यात दोन्ही उरकेल, असा शहाणा विचार हिसाशीने केला.

रविवारी कुझेकाकांनी पुडा घेतला, बाजूला ठेवला. "बरं, केलं माफ. ये आता."

"काका, तो पुडा... थोडा मागणीचापण होता."

"थोडा म्हणजे किती?"

आत शिहोची आई, तोमोएकाकू, खुदकन हसल्या. शिहोने कपाळाला हात लावला.

"ते नंतर," काका म्हणाले. "आधी सांग, रेघ पुसणार ना?"

'पुसतो' एवढं म्हटलं की काम फत्ते होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण शिहो रोज याच घरात झोपते, हे आठवून त्याने तो गिळला.

"नदी तिच्या जागेवर नेतो, काका. पण उद्या बांध फुटला तर पाणी इथूनच जाणार. पुराच्या नकाशात ही रेघ ठेवावीच लागेल."

झालं, लग्न बुडालं, असं समजून त्याने मान खाली घातली. काका खिडकीतून वर बांधाकडे बघत राहिले.

"माझा बाप पावसाळ्यात बूट उशाशी घेऊन झोपायचा," ते हळूच म्हणाले. "आम्ही पोरं हसायचो. तो बूट काही हलवायचा नाही." मग त्यांनी विचारलं, "कोणत्या खोलीतून जाते?"

"इतकं बारीक नाही सांगता येत. पण उतार बघितला तर... शिहोच्या."

"तुझं घर कुठे?"

"टेकडीवर. देवळाशेजारी."

"मग इथे बसलायस काय? घेऊन जा तिला वर!"

हिसाशी आनंदाने इतका वाकला की कपाळ चटईवर आपटलं. शिहो डोळे पुसत हसत होती.

"अहो, आणि आपण?" काकूंनी विचारलं.

"पाऊस लागला की आपणही वर जाऊ यांच्याकडे राहायला. मग वादळं असतातच, ती संपली की उतरू खाली." काकांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "आता जिवाला घोर नाही बघ!"

हिसाशीच्या घराला दोनच खोल्या होत्या.