तात्यांच्या कानातली गिरणी

आमच्या चाळीत कुणाच्या हातात काडेपेटी दिसली की तात्या आधी विचारणार, "उदबत्तीक की कानाक?" एकदा मी खरोखरच उदबत्ती लावायला निघालो होतो, तरी ते देव्हाऱ्यापर्यंत माझ्यामागे आले. धूर दिसल्यावरच घरी गेले.

तात्या मूळचे मालवणचे. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होते. गिरणी बंद पडल्यावर ते एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागले. दवाखान्याच्या भिंतीवरचा कानाचा तक्ता रोज बघून त्यांनी सगळा कान पाठ केला, पण समजून घेतला तो गिरणीच्या भाषेत.

"कानाचो पडदो म्हणजे गेट. आवाज येऊन गेटार धडकता. मागे तीन कामगार. हातोडी, ऐरण, रिकीब. इवलीशी हाडां, पण एक दिवस खाडा नाय. हातोडी ऐरणीक ढकलता, ऐरण रिकिबीक, रिकीब आतल्या शंखाक. शंखात पाणी. पाणी हाललां की आतले बारीक केस हालतत आणि मेंदूक खबर देतत." इथे तात्यांचं बोट वर जायचं. "ते केस मेले की मेले. तेंका बदली नाय."

बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा. ज्यांनी गिरणी कधी पाहिली नाही अशा पोरांनाही हे वाक्य पाठ आहे.

गणपतीत मंडळाचा स्पीकर लागला की तात्या गॅलरीच्या कठड्यावर तळहात टेकायचे, डोळे मिटायचे आणि खाली जाऊन सांगायचे, "जास्ती झालो." आवाज कमी होईपर्यंत स्पीकरसमोर खुर्ची टाकून बसायचे. तात्यांचे कान हातात आहेत, अशी मी थट्टा करायचो.

मास्कच्या दिवसांत मात्र तात्यांचं काहीतरी बिनसलं. कुणाशी बोलेनात. मी दारात उभा राहून, मास्क लावून, औषध आणू का म्हणून तीनदा विचारलं, तर त्यांनी दारच लावून घेतलं. म्हातारा शेफारला, असं मी घरी येऊन म्हणालो. त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी तात्यांना नात झाली, चिऊ. ती आठ-नऊ महिन्यांची असताना एका दुपारी तात्या माझ्याकडे आले आणि दार ओढून घेतलं.

"माझ्याबरोबर दादराक येतलंस? कानाचा मशीन घेवचा आसा."

"कुणाला?"

"माका."

मग तात्या खाली मान घालून बोलायला लागले. साचेखात्यात इतकी धडधड असायची की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. तिथेच हळूहळू कान गेले आणि ओठ वाचायची सवय तेवढी राहिली. डॉक्टरांनी मशीन घ्यायला सांगितलं होतं, पण कानाच्या दवाखान्यातला माणूसच बहिरा, हे कुणाला कळलेलं त्यांना नको होतं. बायकोला माहीत होतं. ती समोर येऊनच बोलायची. ती गेली आणि मग घरात कुणालाच ठाऊक उरलं नाही.

"मोठ्यांचे ओठ मी वाचतंय रे. चिऊ अजून शब्दच बोलणा नाय. तोंड उघडता, आणि माका काय्येक कळणा नाय. काल ती माझ्या पाठीमागे रडत होती आणि मी पेपर वाचत बसललंय. सून धावत आली. माका काय बोलली नाय."

आम्ही दादरला गेलो. मशीन बसवणाऱ्या बाईंनी बजावलं की आजोबा, पूर्वीसारखं ऐकू येणार नाही, जे उरलंय त्यालाच थोडी मदत होईल.

"ठाऊक आसा," तात्या म्हणाले. "बदली नाय."

परत आलो तेव्हा आतल्या खोलीत चिऊने भोकाड पसरलं होतं. सून तिला उचलायला धावली. तात्यांनी हात आडवा केला. सगळ्या चाळीचा आवाज कमी करायला लावणारा हा माणूस, चपलाही न काढता उंबऱ्यात उभा होता.

"थांब गो," ते म्हणाले. "वायच रडू दे तिका."