स्वयंपाकघरातला स्टॅम्प पेपर

१९५३ सालच्या एकतीस डिसेंबरला रोक्कामूता गावच्या एवारिस्तो ब्रांदीचा परवाना संपला. गावात तंबाखूचं दुकान एकच, त्याचं. आणि सरकारी स्टॅम्प पेपर विकायचा मान कायद्याने तंबाखूवाल्याचाच. चाळीस दिवसांत नवा अर्ज गेला नाही, तर दुकानाला कायमचं टाळं.

एवारिस्तो टोपी हातात धरून नगरपालिकेत गेला. तिथे पेलागात्ती नावाचे कारकून बसत. नियम त्यांना तोंडपाठ होते, माणसं नव्हती.

"अर्ज स्टॅम्प पेपरवर हवा."

"साहेब, तो माझ्याच दुकानात मिळतो."

"मग सोयच झाली की!"

"पण परवान्याशिवाय मला विकता येत नाही."

"विकलात तर आत टाकीन. स्वतःला विकलात तरी."

"शेजारच्या गावातून आणू?"

"अर्जदाराने स्वतःच्याच गावचा कागद वापरावा. कलम अकरा."

घरी कपाटात तीनशे कागद पडून होते. बायको फिलोमेना म्हणाली, "लग्न ठरवताना दुकान दाखवलंत. आता नुसतं कपाट उरलं!" एवारिस्तोला खरोखर रडू आलं.

गावाचंही घोडं अडलं. दोन लग्नं लांबली, एका खेचराचा सौदा मोडला. म्हातारा शिंपी वारला, पण दाखल्याला कागद नाही. मग पाद्रीबाबांनी त्याची नोंद 'प्रकृती चिंताजनक' अशी करून त्याला पुरलं.

एकविसाव्या दिवशी भरदुपारी मागचं दार वाजलं. बाहेर पेलागात्ती. त्यांच्या बढतीच्या अर्जाची मुदत संध्याकाळी संपत होती.

"एवारिस्तोभाऊ, एक कागद द्या."

"आत टाकाल, साहेब."

"बंदी दुकानात विकायला आहे. हे स्वयंपाकघर."

"आणि तारीख?"

"एकतीस डिसेंबर. परवान्याचा शेवटचा दिवस. मी त्या दिवशी आलो होतो, मला चांगलं आठवतंय."

"मग माझ्या अर्जाचं काय?"

पेलागात्तींनी दोन बोटं वर केली. "मी दोन घेतो. एक तुम्हाला भेट. भेटीबद्दल कलम अकरा गप्प आहे."

अर्ज रोमला गेला. बातमी मात्र गावभर गेली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरासमोर रांग लागली, आणि पुढचे कित्येक महिने सगळं गाव एकतीस डिसेंबरलाच खरेदी करत राहिलं. आलेल्याला फिलोमेना कॉफी देई, आणि ज्याची कॉफी जास्त गोड, त्याची ओळख जास्त, असं मानलं जाई.

अकराव्या महिन्यात परवाना आला. एवारिस्तोने तो चौकटीत बसवला आणि पुढचं दार सताड उघडलं. कुणीही फिरकलं नाही. रांग मागेच, पार गावच्या कारंज्यापर्यंत.

"अहो, पुढून या!" तो ओरडला. "आता सगळं कायदेशीर आहे, गर्दीही नाही!"

"पुढून काय, कुणीही जाईल," रांगेतली पाववाली फणकारली. "आम्ही काय परके आहोत?"

तेवढ्यात गावात नवी आलेली शाळामास्तरीण पुढच्या दाराने आत शिरली आणि अर्ध्या मिनिटात कागद घेऊन बाहेर पडली. सगळी रांग तिच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या नंबरावर उभ्या असलेल्या पेलागात्तींना तर अगदी भरून आलं.

"बिचारी," ते म्हणाले. "तिचं इथे कुणीच ओळखीचं नाही."